तारखेची ओळ

मोडी कागद वाचून त्यांचं देवनागरी करून देणं हा माझा व्यवसाय. पनवेल तालुक्यात या कामाला खंड नाही. सत्तरच्या दशकात सिडको आली, मग जमिनी गेलेल्यांना मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे दावे आले, पाठोपाठ विमानतळ आला. दर खेपेला कुणाच्या तरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर खरेदीखतं, गहाणखतं, कोतवाल बुकाची पानं घेऊन येणाऱ्यांची रीघच लागली. या माणसांना कागदातल्या दोन-तीनच गोष्टी हव्या असतात: पणजोबाचं नाव, जमिनीचा ठावठिकाणा आणि जातीचा रकाना. "ताई, यात आमचा आजा हाय का, तेवढं सांगा." तेवढं सांगते. पैसे त्याचेच मिळतात. पण कागद हातात आला की माझी नजर आधी तारखेच्या ओळीकडे जाते.

पेशवाईतल्या कागदावरची तारीख वाचणं हे नवशिक्याला मोठं संकट वाटतं, कारण एकाच दिवसाला तिथे चार-पाच नावं दिलेली असतात. नमुना म्हणून एक ओळ घ्या: शके 1697, मन्मथनाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध एकादशी, सुहूर सन सित सबैन मया व अलफ, छ 9 रजब. पहिल्यांदा वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याला एका तारखेवर समाधान नव्हतं की काय? सवय झाली की कळतं, यातला प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्यावर पहारा ठेवून असतो.

संवत्सरांची नावं साठ. प्रभव पहिला, विभव दुसरा, शुक्ल तिसरा, असं साठापर्यंत जायचं आणि पुन्हा प्रभवावर यायचं. शकाच्या आकड्यात 12 मिळवायचे, 60 ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. 1697 मध्ये 12 मिळवले की 1709. 60 ने भागून उरतात 29. एकोणतिसावा संवत्सर मन्मथ. जुळलं. साठ वर्षांच्या या फेऱ्याच्या मुळाशी गुरू आहे. तो साधारण बारा वर्षांत सगळ्या राशी फिरतो, अशा पाच फेऱ्या म्हणजे साठ वर्षं. आपल्याकडची आजची गणना आता गुरूकडे बघत नाही, सरळ मोजत जाते, पण चाल तिथूनच आलेली.

सुहूर सनाचे शब्द अरबी आणि ते एककापासून सुरू होतात. सित म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; मिळून 1176. त्यात 599 मिळवले की 1775. शब्द अरबी असले तरी या वर्षाचा पाडवा मराठी शेतकऱ्याचा आहे: सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवा सुहूर सन लागतो. राज्य कुणाचंही असो, पेरणी मृगावरच व्हायची, आणि पीक आल्याशिवाय सारा कुठून येणार? राहिला छ. तो चंद्राचा. हिजरी महिन्यातला कितवा चंद्र, ते त्यापुढे लिहिलेलं असतं. चंद्रकोर दिसल्यावर ही मोजणी सुरू होते, म्हणून ती आपल्या तिथीच्या एक-दोन पावलं मागे चालते. शुद्ध एकादशी असेल तर छ 9 किंवा 10 असायला हवा. तिथे 15 लिहिलेला दिसला की कागद बाजूला ठेवून चहा घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

कारकुनाने एक ओळ लिहिली, त्यात सूर्य, चंद्र आणि गुरू या तिघांचीही साक्ष आली. मला या कामाची गोडी लागली ती इथे.

तारीख पुरी असेल तेव्हा काम हिशोबाचं. खरी मजा अर्धवट तारखेची. एकदा एक पत्र आलं, वरचा भाग वाळवीने खाल्लेला. शक नाही, संवत्सर नाही, सन नाही. शेवटी फक्त भाद्रपदातली तिथी, वार आणि रजबचा छ. घरच्यांचं म्हणणं, पत्र शिवाजी महाराजांच्या काळातलं. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे हिजरी महिने आपल्या महिन्यांमधून मागे मागे सरकत राहतात. रजब महिना भाद्रपदावर येऊन बसतो तो लागोपाठ दोन-तीन वर्षं. मग निसटतो आणि साधारण साडेबत्तीस वर्षांनी परत येतो. पेशवाईत अशी बैठक 1742 च्या आसपास आहे, 1775 च्या आसपास आहे, 1807 च्या आसपास आहे. जंत्री काढून तिथी आणि वार यांची सांगड प्रत्येक वर्षी घालून पाहिली. 1775 मध्ये ती बसली. अक्षराचं वळणही त्याच काळातलं होतं. वाळवीने साल खाल्लं होतं, चंद्राने ते परत दिलं. घरच्यांना शंभर वर्षं कमी पडल्याचं वाईट वाटलं, पण त्याला माझा इलाज नव्हता.

या कामात पूर्वसुरींनी आमचे कष्ट फार कमी केले आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 चा. स्वामीकन्नू पिळ्ळे यांची इसवी सन 700 ते 1799 मधल्या तिथींची कोष्टकं. खरे यांची शिवकालीन जंत्री. आता मोबाईलवर क्षणात तारीख निघते. तरी मी एकदा बोटांवर मोजते, कारण यंत्र उत्तर देतं, पण कुठला तुकडा खोटं बोलतोय ते सांगत नाही.

खोटं बोलणारे तुकडे येतातच. एक गृहस्थ घाटावरून ताम्रपट घेऊन आले होते. त्यावर शके 1596, म्हणजे राज्याभिषेकाचं वर्ष, आणि घराण्याला इनाम दिलेल्या गावांची यादी. संवत्सराचं नाव रौद्र. 1596 मध्ये 12 मिळवून 60 ने भागलं की 48 उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाच्या तिथीतही आनंदनाम संवत्सरच आहे. रौद्र यायला पुढे सहा वर्षं, शके 1602. एवढ्यावर मी कुणाला खोटं ठरवत नाही. जुन्या लेखाची नक्कल करताना नाव चुकू शकतं. पण पुढे लिहिलं होतं, कार्तिक पौर्णिमा, हस्त नक्षत्र. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिका-रोहिणीच्या आसपास असतो. हस्त तिथून दहा नक्षत्रं पुढे. नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर सुटतं, चंद्र इतका लांब सुटत नाही.

"पण शिक्का बघा ना, किती ठळक आहे," ते म्हणाले.

"शिक्का कुणालाही करवून घेता येतो, काका. पौर्णिमेचा चंद्र हस्तात नेता येत नाही."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या वाचकाचा पत्ता विचारून गेले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तारीख जुळली म्हणजे कागद खरा, असं होत नाही. हाताशी चांगली जंत्री असलेला लबाड माणूस तारीख बरोबरच घालील. आकाश फक्त 'हे अशक्य आहे' एवढंच ठामपणे सांगतं. 'हे घडलं' असं सांगायला दुसरा साक्षीदार लागतो. शिवजन्माच्या तिथीचंच पाहा. जेधे शकावलीत शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. 1551 मध्ये 12 मिळवले की बाकी उरते 3. तिसरा संवत्सर शुक्ल. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र पूर्वा किंवा उत्तरा फाल्गुनीत, तिथून दोन-तीन दिवसांत हस्ताच्या पट्ट्यात. 19 फेब्रुवारी 1630 ला वारही शुक्रवारच येतो. नोंद आतून घट्ट आहे. तरीही तिचं वजन वाढलं ते 'शिवभारत' या वेगळ्या ग्रंथात तीच तिथी सापडली तेव्हा.

रोज असं जुळवत बसलं की डोक्याला एक खोड लागते: सगळीकडे काहीतरी जुळताना दिसायला लागतं. अलिबागजवळच्या आक्षीला मी तिथला शिलालेख पाहायला गेले होते. शके 934, परिधावी संवत्सर असं त्याचं वाचन करतात, आणि त्या हिशोबाने तो 1012 चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यातल्या शकाच्या वाचनावर अभ्यासकांनी वाद घातले आहेत. मी तिथे उभ्या उभ्या मोजलं: 934 आणि 12, 946, बाकी 46, शेहेचाळिसावा परिधावी. या वाचनापुरतं आकडा आणि नाव एकमेकांना धरून आहेत. आक्षीला खेटून नागाव. नागाव हे केरो लक्ष्मण छत्र्यांचं, केरूनानांचं जन्मगाव. ज्यांच्या 'ग्रहसाधनांची कोष्टके' या पुस्तकावर पटवर्धनी पंचांग उभं राहिलं, ते हेच. आणि तिथून थोड्याच अंतरावर, अलिबागला, 1904 पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळा. काळ मोजणारा लेख, ग्रह मोजणारा माणूस आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी जागा, सगळं एका समुद्रकिनाऱ्यावर!

परतीच्या एसटीत मी या त्रिकोणावर फार खूष होते. पनवेल येईपर्यंत ती खुषी उतरली. दगड शिलाहारांच्या दानाचा, तो दान दिलं तिथे उभा राहिला. केरूनाना जन्मले तिथे जन्मले. वेधशाळा अलिबागला गेली ती मुंबईतल्या ट्राम विजेवर चालणार होत्या म्हणून. त्या विजेने मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नाजूक उपकरणांचे आकडे बिघडले असते. तीन गोष्टींना तीन निरनिराळी कारणं. त्रिकोण माझ्या डोक्यात होता.

आकाशातल्या आकृत्याही अशाच. हिवाळ्यात गच्चीवरून मृग दिसतो: हरणाचे चार पाय म्हणजे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध. यातले काक्षी आणि राजन्य हे तारे एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं दूर आहेत. आपण जिथून बघतो तिथून ते एका हरणाचे वाटतात, इतकंच. हरीण आपण काढलं. सूर्य त्या हरणापाशी कधी पोचतो ते मात्र आपण ठरवत नाही, आणि सुहूर सन उभा आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर. कामाचं काय आणि करमणुकीचं काय, हे मला इथे कळलं.

केरूनानांच्या मागे लागूनच मी नवीन पनवेलच्या एका संस्थेपर्यंत पोचले. रोजच्या रस्त्यावर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा फलक दिसायचा. आत भूकंपाचं काहीतरी चालत असावं असं मी धरून चालले होते. ही संस्था म्हणजे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची वारस. ईस्ट इंडिया कंपनीने ती वेधशाळा 1826 मध्ये उभी केली ती तारे पाहून अचूक वेळ काढण्यासाठी, बंदरातल्या जहाजांसाठी. 1841 पासून तिथे चुंबकसूचीच्या नोंदी सुरू झाल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. केरूनाना 1840 च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचे असताना तिथे लागले आणि सुमारे दहा वर्षं राहिले. म्हणजे मराठी माणसाच्या आधुनिक ज्योतिषाची उमेदवारी या नोंदवह्यांवर झाली.

त्या नोंदवह्यांचं काम माझ्या ओळखीचं आहे. दर तासाला जायचं, दुर्बिणीतून पट्टी वाचायची, आकडा लिहायचा, तापमान लिहायचं. चुंबक अस्वस्थ दिसला तर तासाची वाट न बघता थोड्या थोड्या मिनिटांनी वाचायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. आकडा कशासाठी, हे वाचणाऱ्याला माहीत असण्याची गरज नव्हती.

1 सप्टेंबर 1859 ला लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. डागांच्या पुंजक्यावर अचानक पांढराशुभ्र उजेड चमकला आणि काही मिनिटांत विझला. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही, दुसऱ्या ठिकाणाहून, तेच पाहिलं. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत तारायंत्रं बॅटरी काढून टाकल्यावरही चालली. मुंबईत तेव्हा 2 तारखेचा दिवस उजाडलेला होता. आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतं. पण कुलाब्याला पट्टीवरचा आकडा घसरायला लागला, आणि वाचणारा ठरल्याप्रमाणे भराभर लिहीत राहिला.

ती पानं पडून राहिली. 1910 मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या चुंबकीय निरीक्षणांचे खंड छापले. आणि 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी 1859 च्या कुलाब्याच्या नोंदी घेऊन शोधनिबंध लिहिला. मुंबईतल्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्ला. तो त्या दिवशी सुमारे 1600 ने खाली गेला होता. मार्च 1989 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवणाऱ्या वादळाचं मोजमाप 589 होतं. मे 2024 मध्ये लडाखच्या आकाशात तांबडी आभा दिसली ते 400 च्या घरातलं. ही मापं जगभरच्या वेधशाळांची सरासरी असतात, तेव्हा तुलना अगदी बरोबरीची नाही. तरी अंदाज येतो. उपग्रह आणि वीजजाळ्यांची चिंता वाहणारे आज 'सर्वांत वाईट काय होऊ शकतं' याचा हिशोब करताना कुलाब्याच्या त्या पानापाशी येतात.

आणि गंमत अशी की त्या पानाचा अर्थ अजून ठरलेला नाही. आकडा इतका खोल का गेला आणि इतक्या लवकर वर का आला, पृथ्वीभोवतीच्या वलयातल्या विद्युत्प्रवाहामुळे की मुंबईवर सरकून आलेल्या दुसऱ्या प्रवाहांमुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सिद्धांत बदलतील. पट्टीवर वाचलेला आकडा तोच राहील. कॅरिंग्टन स्वतःही सांभाळून बोलले होते. चमक आणि वादळ यांची वेळ त्यांच्या लक्षात आली होती, पण एका उदाहरणावरून नियम बांधू नका असं त्यांनी बजावलं. ताम्रपट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री तर ध्रुवीय प्रकाश खुद्द मुंबईतून दिसला. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने तशी बातमी छापली. त्या काळची कुलाब्याची चुंबकीय नोंद आणि वर्तमानपत्रातली बातमी, दोन वेगळ्या हातांचे तुकडे, एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून त्यांना किंमत. त्याच 1872 मध्ये पनवेलला धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू झाला. यात काही अर्थ नाही. सांगितलं एवढ्यासाठी की 'त्याच वर्षी' हे दोन शब्द वाचले की मन लगेच दोर बांधायला धावतं. नोंद आणि बातमी यांच्यातला दोर बांधण्याचा, कारखान्याचा सोडून देण्याचा. दोर हातात घ्यायच्या आधी कारण विचारायचं.

इतकी वर्षं कागद वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. अर्थ शोधायला बसलेल्या माणसाने लिहिलेल्या कागदांपेक्षा अर्थाची फिकीर न करता लिहिलेले कागद जास्त उपयोगी पडतात. घराण्याची बखर लिहिणारा पूर्वजाला मोठा करतो. महालाचा कारकून तिथी, वार, सुहूर आणि छ लिहून मोकळा होतो, आणि अडीचशे वर्षांनी त्याच्या एका ओळीवरून बखरीची तपासणी होते. नोंद आधी, अर्थ मागून. उलट क्रम लावला की रौद्र संवत्सराचा ताम्रपट तयार होतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरची पेटी उघडलीत तर कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांतून शिकलेले वाचक आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आणि आज जे लिहाल, लग्नाच्या फोटोमागे, विहिरीच्या पाण्याच्या पातळीबद्दल, पहिल्या पावसाबद्दल, त्यावर तारीख, वार, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव न विसरता घाला.